संत्र्याचा निरोगी डोळा

(संत्र्याचे रोप कसे तयार करतात, त्यातून रोग कसा पसरतो आणि तो थांबवण्यासाठी काचेच्या नळीत कोणते कलम बांधतात, याची माहिती या पाठात दिली आहे.)

थंडी पडू लागली की पौडच्या बाजारात हातगाड्यांवर संत्र्यांचे ढीग दिसू लागतात. ही संत्री मुळशीची नव्हेत. मुळशी तालुका भाताचा. येथे पाऊस इतका पडतो की संत्र्याच्या झाडाला तो मानवत नाही. संत्र्याला निचऱ्याची जमीन लागते आणि फुले येण्यापूर्वी काही दिवस पाण्याचा ताण लागतो. आपल्याकडे फार तर परसात कागदी लिंबाचे एखादे झाड असते. संत्री येतात ती विदर्भातून; नागपूर, काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या भागांतून. नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, संत्र्याची रोपे आणून आपल्या बागेत लावली असे सांगतात. तेथून हे झाड विदर्भभर पसरले. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

संत्रे, मोसंबी, कागदी लिंबू, पपनस, महाळुंग ही सारी एकाच कुळातील भावंडे आहेत. शेतकी पुस्तकांत त्यांना लिंबूवर्गीय फळझाडे म्हणतात. बेल, कवठ आणि आपल्या फोडणीतला कढीपत्ता हेही त्याच कुळातले. कढीपत्त्याला काही ठिकाणी कढीलिंबही म्हणतात. कडुलिंब मात्र या कुळातला नाही. नुसते नाव सारखे आहे.

आता एका शेतकऱ्याचा हिशोब पाहू. दोन झाडांत आणि दोन ओळींत सहा मीटर अंतर ठेवले, तर एका एकरात सुमारे ११० झाडे बसतात. रोप लावल्यावर चांगले फळ धरायला पाच-सहा वर्षे लागतात. तोवर खत, पाणी, राखण आणि मजुरी चालूच असते. समजा, सहाव्या वर्षी झाडाची पाने पिवळी पडू लागली, फांद्या शेंड्याकडून वाळू लागल्या आणि फळे बोरासारखी लहान राहिली, तर काय करायचे? गहू बिघडला तर पुढच्या वर्षी दुसरे बी पेरता येते. संत्र्याच्या बाबतीत सहा वर्षे कोणी परत देत नाही.

झाडे खराब होण्याची कारणे अनेक असतात. बुंध्याजवळ पाणी साचले की डिंक्या रोग होतो. तो आपल्याच शेतातल्या मातीतून येतो आणि पाण्याची नीट व्यवस्था केली तर पुष्कळसा टळतो. पण काही रोग रोपाबरोबरच घरी येतात. रोप हिरवेगार दिसते, आपण हौसेने विकत घेतो, आणि रोग आत दबा धरून बसलेला असतो. अशा रोगांपैकी दोन फार त्रासदायक आहेत. पहिल्याचे नाव ट्रिस्टेझा. हा एका विषाणूमुळे होतो. दक्षिण अमेरिकेतील पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषांत या शब्दाचा अर्थ उदासी असा आहे. रोगट झाड खरोखरच उदास दिसते. १९३० नंतरच्या वीस वर्षांत अर्जेंटिना आणि ब्राझील या देशांत या रोगाने लक्षावधी झाडे मारली. दुसरा रोग ग्रीनिंग. तो एका सूक्ष्म जिवाणूमुळे होतो. पानांत तयार झालेले अन्न ज्या नलिकांतून खाली उतरते, त्या नलिकांतच हा जिवाणू राहतो. अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात हा रोग २००५ मध्ये आढळला. त्यापूर्वी, २००३-०४ च्या हंगामात, तेथे संत्र्यांच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या. २०२३-२४ च्या हंगामात त्या दोन कोटींच्याही खाली आल्या. वादळांनीही तेथे नुकसान केले, पण मुख्य घाव ग्रीनिंगचाच.

हे रोग रोपात शिरतात कसे? त्यासाठी रोप कसे तयार करतात ते पाहावे लागेल.

संत्र्याचे रोप हे एक झाड नसते, दोन झाडांची जोडणी असते. खाली जंबेरी नावाच्या रानटी लिंबाचा किंवा रंगपूर लाईमचा खुंट असतो. बी पेरून तो वाढवतात. खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की त्याच्या सालीवर इंग्रजी टी अक्षरासारखा छेद देतात. मग चांगल्या संत्र्याच्या फांदीवरून एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतली कळी, सालीसकट काढून त्या छेदात बसवतात आणि वरून पट्टी बांधतात. याला डोळा भरणे म्हणतात. डोळा फुटून वाढला की खुंटाचा वरचा भाग कापून टाकतात. मुळे जंबेरीची, फळे संत्र्याची. हे झाले कलम.

कलम हा शब्द तुम्हांला ओळखीचा आहे. उर्दूत कलम म्हणजे लेखणी, आणि कापून लावलेली फांदीही कलमच. बोरूची लेखणी तिरकी तासावी लागते, फांदीही तशीच तासावी लागते. अरबीतून फारसीत, फारसीतून उर्दूत आणि मराठीत आलेल्या या शब्दाने दोन्ही अर्थ सोबत आणले. मराठीने त्यात तिसऱ्या अर्थाची भर घातली : कायद्याचे कलम.

डोळा ज्या झाडावरून घेतला त्या झाडात विषाणू असेल, तर तो डोळ्याबरोबर नव्या रोपात येतो. एका रोगट झाडावरून हजार डोळे काढले, तर हजार रोपे रोगट निघण्याची भीती असते. रोपवाटिकेवाला लबाड असेलच असे नाही. त्यालाही झाड वरून निरोगीच दिसत असते.

वर्गात हे सांगितले की एखादा हुशार मुलगा हात वर करतो.

“सर, मग संत्र्याचे बीच का पेरत नाहीत? बियांतूनही रोग येतो का?”

प्रश्न अगदी योग्य आहे. हे दोन्ही रोग बियांतून सहसा येत नाहीत. शिवाय संत्र्याच्या बीची एक गंमत आहे. सूक्ष्मदर्शकातून जग पाहणारा हॉलंडचा ल्युवेनहुक, त्याने १७१९ साली संत्र्याच्या एका बीत दोन अंकुर पाहिले होते. एका बीत अनेक अंकुर असतात आणि त्यांतले बहुतेक परागकणांच्या मिलनातून झालेले नसतात. ते आईच्याच पेशींपासून होतात. त्यामुळे अशी रोपे गुणांनी हुबेहूब आईसारखी असतात. दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी आणि एन. एस. रंगास्वामी यांनी १९५८ साली लिंबूवर्गीय फळांच्या बीतील हा भाग काचेच्या नळीत वाढवून त्यापासून अंकुर मिळवले. जगातल्या शास्त्रज्ञांचे लक्ष त्या कामाकडे गेले.

पण बियांपासून झालेले झाड म्हणजे लहान मूल. त्याला लांब काटे येतात, ते उंच वाढत राहते आणि फळ धरायला आणखी कितीतरी वर्षे लावते. डोळा मात्र फळ देणाऱ्या वयस्क झाडाचा असतो, म्हणून कलम लवकर फळते. म्हणजे बी निरोगी पण पोरवयाचे, डोळा वयात आलेला पण रोगाचा संशय असलेला. शेतकऱ्याला दोन्हींतले चांगले तेवढे हवे असते.

“सर, केळीची रोपे बाटलीत करतात. तशी संत्र्याची का करत नाहीत?” दुसरा विचारतो.

त्याने बाटलीतली रोपे कोठे पाहिली असतील हे सांगणे अवघड नाही. मुळशीकडून पुण्याला जाताना चांदणी चौक लागतो. तेथून पाषाण जवळच आहे. पाषाणला १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. नावात रसायन असले तरी तिथे वनस्पतींवरही मोठे काम झाले. बांबूला फुले येण्यासाठी कित्येक दशके वाट पाहावी लागते. या प्रयोगशाळेतील नाडगौडा, पारशरामी आणि मस्कारेन्हास या शास्त्रज्ञांनी बाटलीतल्या बांबूला काही महिन्यांतच फुले आणली. १९९० साली ‘नेचर’ या प्रसिद्ध नियतकालिकात ते छापून आले.

बाटलीत रोपे वाढवण्याच्या या पद्धतीला ऊतिसंवर्धन म्हणतात. वनस्पतीचा लहानसा तुकडा घ्यायचा. तो जंतुरहित करून पोषक माध्यमावर ठेवायचा. या माध्यमात क्षार, साखर, जीवनसत्त्वे आणि वाढीची संप्रेरके असतात. घट्टपणा यावा म्हणून समुद्रशैवालापासून केलेले अगार घालतात. बाटल्या घरच्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात १२१ अंश सेल्सिअस तापमानाला वाफवतात, कारण गोड माध्यमावर बुरशी आपल्या रोपाआधी वाढते. केळीचा कोंब अशा बाटलीत एकाचे दोन, दोनाचे चार असा फुटत जातो. जळगाव जिल्ह्यातल्या केळीच्या बागा आज अशा रोपांवर उभ्या आहेत.

संत्र्याचे झाड इतके सोपे नाही. वयस्क झाडाच्या फांदीचा तुकडा बाटलीत ठेवला, तर पुष्कळदा आत दडलेली बुरशी उमलते, किंवा कापलेल्या जागेतून तपकिरी रस सुटून तुकडा काळा पडतो. तो फुटलाच तर मुळे धरत नाही. आणि समजा मुळे फुटली, तर ती संत्र्याचीच असणार. विदर्भातल्या काळ्या मातीत संत्र्याला स्वतःच्या मुळांवर उभे करण्यात शहाणपण नाही. खुंट हवाच. केळीचे उत्तर संत्र्याला जसेच्या तसे लागू पडत नाही ते यामुळे.

मग शास्त्रज्ञांनी दुसरा विचार केला. हजारो रोपे बाटलीत न करता, आधी एकच रोप करायचे, पण ते पूर्ण निरोगी. त्याचे डोळे मग नेहमीच्या पद्धतीने भरत जायचे.

झाडाच्या कोवळ्या शेंड्याच्या अगदी टोकाला विभाजी ऊती असते. तिथल्या पेशी सतत नव्या होत असतात. अन्न वाहणाऱ्या नलिका अजून तिथवर पोचलेल्या नसतात. विषाणू आणि ग्रीनिंगचा जिवाणू प्रवास करतात त्या नलिकांतूनच. म्हणून रोगट झाडाचाही तो इवलासा शेंडा बहुधा रोगमुक्त असतो. तो कापून निरोगी खुंटावर बसवला तर? शेंडा वयस्क झाडाचा असल्याने काटे आणि उशीर या दोन्ही अडचणी टळतात. कॅलिफोर्नियात तोशियो मुराशिगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये हे करून दाखवले. या मुराशिगे यांच्याच नावाचे पोषक माध्यम आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात. पुढे लुईस नावारो या स्पॅनिश शास्त्रज्ञाने त्यांच्यासह १९७५ मध्ये ही रीत सुधारली. मायदेशी जाऊन त्याने स्पेनच्या बागा निरोगी रोपांनी भरण्याचे काम हाती घेतले.

ही रीत थोडी सविस्तर पाहू, कारण सगळे यश बारकाव्यांत आहे.

खुंटाचे बी सोलून, जंतुरहित करून नळीत पेरतात आणि नळ्या दोन आठवडे अंधारात ठेवतात. अंधारातले रोप उंच, पांढुरके आणि कोवळे होते. कापायला तेच बरे. मग त्याचा शेंडा छाटतात आणि सुमारे दीड सेंटिमीटर खोड ठेवतात. बीची दले काढून टाकतात, मूळ आखूड करतात. खोडाच्या वरच्या कडेशी उलट्या टी अक्षरासारखा छेद देतात. तो जेमतेम एक मिलिमीटर लांब असतो. दुसरीकडे, ज्या झाडाचे रोप हवे त्याच्या फांद्यांची पाने काढून ठेवलेली असतात. त्यामुळे दहा-बारा दिवसांत नवे फुटवे येतात. त्या फुटव्याचा शेंडा सूक्ष्मदर्शकाखाली सोलत जायचे, आणि पानांचे तीन सूक्ष्म उंचवटे तेवढे सोबत ठेवून टोक कापायचे. हा तुकडा मिलिमीटरच्या पाचव्या भागापेक्षा मोठा नसतो. तो पात्याच्या टोकावर उचलून छेदात ठेवायचा. काही क्षण रेंगाळलात तर तो सुकतो. हात कापला तर तो हरवतो आणि पुन्हा सापडत नाही.

नंतर हे रोप द्रव माध्यमाच्या नळीत, गाळणी कागदाच्या छोट्या पुलावर उभे करतात. २७ अंश तापमान आणि दिवसाचे सोळा तास उजेड. नेहमीच्या माध्यमात लिटरमागे ३० ग्रॅम साखर असते. कलमासाठी ती ७५ ग्रॅम केली तर जास्त कलमे जगतात असे नावारो यांच्या प्रयोगात दिसले. रोपाला दले नाहीत, पाने नाहीत; जखम भरून येईपर्यंत साखरच त्याचे जेवण.

येथे एक पेच आहे. शेंडा मोठा कापला तर कलम सहज जगते, पण त्याबरोबर नलिकांचा भाग आणि त्यातून रोगही येण्याचा धोका वाढतो. शेंडा फार लहान कापला तर रोग नसतो, पण कलमही जगत नाही. तीन उंचवट्यांचे माप हा या दोहोंमधला समझोता आहे. एवढे करून शंभरांतून तीस ते पन्नास कलमे जगली, तरी काम चांगले झाले असे मानतात. परीक्षेत तीस टक्के मिळवणाऱ्याला आपण नापास करतो. येथे मात्र एकच निरोगी रोप मिळाले तरी पुरते.

नागपुरात १९८५ साली राष्ट्रीय लिंबूवर्गीय संशोधन केंद्र स्थापन झाले. आज त्याचे नाव केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था असे आहे. तेथे ही रीत नागपुरी संत्र्यासाठी बसवण्यात आली आणि खुंट म्हणून आपल्या जंबेरीची रोपे वापरण्यात आली. रोगट रोपांना आधी काही काळ उष्णता देऊन मग शेंडा घेण्याचे प्रयोगही तेथे झाले, कारण उष्णतेत विषाणूंची वाढ मंदावते.

नळीतल्या कलमाला पाच-सहा आठवड्यांनी दोन-तीन पाने येतात. पण नळीतले रोप नाजूक. ते थेट मातीत लावले तर अनेकदा मरते. त्यावर उपाय म्हणून ते कोवळे कलम कुंडीतल्या जोमदार खुंटावर पुन्हा बांधतात. याला दुहेरी कलम म्हणता येईल. वाढीचे कितीतरी महिने त्याने वाचतात.

आता परीक्षा. शेंड्यापासून झाले म्हणून रोप निरोगी असेलच असे कोणी गृहीत धरत नाही. प्रत्येक रोपाची तपासणी होते. ग्रीनिंगसाठी जिवाणूचा आनुवंशिक अंश शोधणारी चाचणी करतात. ट्रिस्टेझासाठी आजही एक जुनी, सुंदर युक्ती वापरतात. संशयित रोपाचा डोळा कागदी लिंबाच्या रोपावर भरतात. विषाणू असेल तर काही आठवड्यांत लिंबाच्या कोवळ्या पानांच्या शिरा पारदर्शक दिसू लागतात. पान उजेडासमोर धरले की कळते. आपल्या परसातले साधे लिंबू असे साक्षीदाराचे काम करते.

परीक्षेत उतरलेले रोप बारीक जाळीच्या घरात लावतात. तो मातृवृक्ष. जाळी कशासाठी? ट्रिस्टेझा मावा या किडीमुळे पसरतो आणि ग्रीनिंग सायला या छोट्या उड्या मारणाऱ्या किडीमुळे. (सायलाला कढीपत्त्याचे झाडही आवडते, हे बागवानांनी लक्षात ठेवलेले बरे.) मातृवृक्षाचे डोळे जाळीतल्याच दुसऱ्या झाडांवर भरतात आणि त्यांचे डोळे रोपवाटिकांना देतात. एका झाडावरून वर्षाला शंभर डोळे मिळतात असे उदाहरणापुरते धरले, तर पहिल्या वर्षी शंभर झाडे. ती वाढली की त्यांच्यापासून दहा हजार रोपे. बाटलीत जी संख्या मिळाली नाही, ती बाहेर अशी मिळते.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने देशासाठी स्वच्छ रोपांचा कार्यक्रम मंजूर केला. त्याची तरतूद १,७६५ कोटी रुपयांहून अधिक आहे आणि देशात अशी नऊ केंद्रे उभारायची आहेत. संत्र्यासाठी त्यात नागपूरचे नाव आहे.

मला मात्र प्रयोगशाळेपेक्षा तिच्या बाहेरचा रस्ता अवघड वाटतो. निरोगी रोप रोगट बागेच्या शेजारी लावले, तर सायला कुंपण पाहून थांबत नाही. स्वच्छ रोप थोडे महागही पडते. गावच्या बाजारात ट्रकमधून उतरवलेली स्वस्त रोपे समोर असताना शंभर रोपांमागचा फरक शेतकऱ्याच्या डोळ्यांत भरतो. सहा वर्षांनंतरचा तोटा त्या दिवशी दिसत नाही.

वरूड-मोर्शीकडचे जाणते बागवान रोप घेताना पानांच्या हिरवेपणावर जात नाहीत. कलमाचा सांधा जमिनीपासून वीतभर उंच आहे का, हे ते बोट लावून पाहतात. सांधा खाली असला तर माती आणि पाणी लागून डिंक्या होतो. खुंट जंबेरीचा की रंगपूर लाईमचा, हे विचारतात. आणि मग विचारतात, डोळा कोणत्या झाडाचा? त्या झाडाची तपासणी कोणी आणि कोणत्या साली केली? ही उत्तरे पावतीवर लिहून मागतात.

स्वाध्याय

१. शेतकऱ्याला रोगट रोपाचा तोटा इतक्या उशिरा का कळतो?
२. बियांपासून वाढवलेले झाड निरोगी असूनही बागेत का लावत नाहीत?
३. ‘शेंडा लहान कापावा की मोठा?’ या पेचाचे तुमच्या शब्दांत वर्णन करा.
४. कागदी लिंबाचे रोप ‘साक्षीदार’ कसे ठरते?
५. ‘कलम’ या शब्दाचे तीन अर्थ सांगा व प्रत्येक अर्थाचे एक वाक्य लिहा.
६. तुमच्या घराजवळच्या लिंबाची व कढीपत्त्याची पाने चुरगाळून वास घ्या. दोन्ही पाने उजेडासमोर धरा. काय दिसते ते पाच ओळींत लिहा.